प्रतिसाद : छापलेली हळद धुतल्यावर का जाते?

हळदीचा लगदा लाकडी ठशाने थेट कापडावर छापला, की पहिल्या धुण्यात बराचसा निघून जातो, आणि जो उरतो तो उन्हात विटतो. वर कुणीतरी डिंक वाढवायला सांगितलंय, पण डिंकाने फक्त रेघ स्वच्छ येते, रंग पक्का होत नाही. सुती कापडावर रंग नाही, तुरटी छापायची; ती रंग धाग्याला धरून ठेवते, म्हणून नंतर कापड रंगाच्या पाण्यात टाकलं की नक्षी तुरटीच्या जागीच उठते.

आधी कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढा. मग कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात बुडवा, पिळा आणि न धुता उन्हात वाळवा. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम तुरटी विरघळवून डिंकाने दाट करा. तुरटी दिसत नाही, म्हणून चिमूटभर गेरू घाला, नाहीतर पुढचा ठसा कुठे टेकवायचा तेच कळत नाही. नक्षीत काळा रंग हवा असेल तिथे तुरटीऐवजी लोखंडाचं भंगार आणि गुळाचं पाणी आंबवून, चिंचोक्याच्या पुडीने घट्ट करून वापरा. हे लोखंडाचं पाणी जास्त तीव्र झालं तर मात्र कापड कुजवतं, काही वर्षांत नक्षीच्या जागी भोकं पडू शकतात.

छापल्यावर दोन-तीन दिवस थांबा. नंतर भरपूर, शक्यतो वाहत्या पाण्यात धुवा. बादलीत भिजत ठेवलं, तर सुटलेली तुरटी कोऱ्या जागी बसते आणि तिथेही रंग धरतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. शेवटी मंजिष्ठेच्या (लाल रंग देणाऱ्या मुळीच्या) पाण्यात टाकून हळूहळू ६०-७० अंशांपर्यंत तापवा, कापड सतत हलवत राहा. उकळी आली की लाल रंग तपकिरीकडे झुकू शकतो.