बाली: एटीव्ही आणि केचक एकाच दिवशी उरकायचं का?

मोठे काका: सगळ्यांनी वाचा. एजंटने तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम पाठवलाय. दुपारी साडेबाराला उबुड गावाजवळ एटीव्ही, तिथून गाडीने थेट दक्षिणेला समुद्रकड्यावरचं उलुवातू मंदिर, तिथे सूर्यास्त आणि केचक नाच, रात्री जेवून परत उबुडला. दोन्ही वेगवेगळं घेण्यापेक्षा स्वस्त पडतंय. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचंय.

दादा: आमचं तिघांचं हो. लेक तर एटीव्हीसाठीच येतोय.

आत्या: ती जाड टायरची चारचाकी मोटरसायकल ना? माझ्या गुडघ्यांना झेपेल का?

वहिनी: आणि केचक म्हणजे नक्की काय असतं? फोटोत नुसते उघडे पुरुष गोल करून बसलेले दिसतात.

मी: काका, अजून हो म्हणू नका. आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी हाच जोडकार्यक्रम घेतला होता. दोन्ही गोष्टी करण्यासारख्या आहेत, पण एका दिवसात कोंबल्या की दोन्हींची मजा जाते. वेळेचा हिशोब करून बघा. साडेबाराला पोचलो की सही, हेल्मेट, गमबूट, सूचना यात अर्धा तास. तीनपर्यंत चालवणं. मग अंगावरचा चिखल धुवायला नळापाशी रांग, कपडे बदलणं, चार वाजले. उबुड ते उलुवातू पन्नासेक किलोमीटरच आहे, पण रस्ते अरुंद आणि दुचाकींनी भरलेले. दोन तास धरायचेच, आणि डिसेंबरच्या सुट्टीत जास्त. केचक सहाच्या सुमारास सुरू होतो आणि पायऱ्यांवर आधी येईल त्याला जागा. आम्ही पोचलो तेव्हा प्रयोग सुरू झाला होता. अगदी कडेला, वरच्या पायरीवर बसलो, समुद्र दिसलाच नाही. कानामागे चिखल वाळून खाजत होता आणि पुढे रामायण चाललं होतं. फार वाईट वाटलं होतं मला.

मोठे काका: मग एटीव्ही सकाळी ठेवायला सांगतो. नऊला सुरू, बाराला मोकळे.

मी: तसं केलं तर उलुवातूला वेळेत पोचू, पण परतीचं काय? प्रयोग संपला की सगळ्या गाड्या एकदम त्याच रस्त्याला लागतात. जेवण धरून उबुडला पोचायला अकरा वाजतील. सकाळी हाडं खिळखिळी झालेली असणार, त्यात आई आणि आत्या बरोबर.

आई: मला रात्रीचा इतका वेळ गाडीत बसवत नाही, आधीच सांगते.

दादा: अगं पण मग केचक सोडून द्यायचा? मला उलुवातूचाच बघायचाय, कड्यावरचा.

मी: सोडायचा नाहीच रे. चौथ्या दिवशी आपण जिंबरानला मुक्काम हलवतोय ना? जिंबरान दक्षिणेला, उलुवातूच्या वाटेवरच आहे. सकाळी सामान हलवायचं, दुपारी सगळ्यांनी आडवं व्हायचं, साडेतीनला निघायचं. मंदिराला निवांत फेरी मारून पावणेपाचला पायऱ्यांवर मधली जागा धरायची. वेगळा प्रवासच पडत नाही.

काकू: हे मला पटलं. पण त्या एटीव्हीला मुळात पैसे घालायचे का? चिखलात गाडी चालवायला बालीला कशाला जायचं?

मी: काकू, मलाही जाण्याआधी अस्संच वाटत होतं. पहिली पंधरा मिनिटं नुसती भीती. उजव्या अंगठ्याने दाबायचा एक छोटा खटका असतो, तोच अॅक्सिलरेटर. वळताना गाडी सरळच जायला बघते, सगळं अंग वळणाच्या बाजूला टाकावं लागतं. संध्याकाळी माझा अंगठा इतका दुखत होता की पाण्याची बाटली उघडेना. पण मग बांबूंच्या मधून वाट गेली, पुढे भातखाचरं आली, आणि बांधावरून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात झुळझुळ पडत होतं. आमच्या गाइडने तिथे मुद्दाम गाड्या बंद करायला लावल्या. ते पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीला तिथे सुबक म्हणतात. कुठल्या शेताला कधी पाणी सोडायचं हे शेतकरी मिळून ठरवतात आणि त्या वाटपात पाण्याच्या देवळांना मान असतो. युनेस्कोने २०१२ मध्ये बालीतले अशा शेतीचे काही भाग जागतिक वारशात घेतले. इंजिन बंद झाल्यावर जो पाण्याचा आवाज आला तो मला अजून आठवतो. पण खरं सांगू, तो ऐकायला एटीव्ही लागत नाही. त्याच भागात पायी फिरता येतं. म्हणून माझं म्हणणं, ज्यांना गाडी चालवायची हौस आहे त्यांनीच पैसे भरावे. दादा, लेक आणि वहिनीची इच्छा असेल तर वहिनी. आत्या, तू अजिबात नाही. धक्के थेट कमरेत आणि गुडघ्यात बसतात.

आत्या: मी खाचरांच्या बांधावरून फिरीन सावकाश. चालेल मला.

वहिनी: लेक नऊ वर्षांचा आहे. त्याला स्वतः चालवू देतील?

मी: नाही देणार, आणि दिली तरी देऊ नका. दादाच्या मागे बसेल. दोघांची गाडी म्हणून आधी सांगून ठेवा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट आहे का ते विचारा. आम्हाला दिलेलं हेल्मेट ढिलं होतं, हनुवटीखालचा पट्टा बसतच नव्हता, मी दोनदा बदलून घेतलं. लाजायचं नाही. ती गाडी दोन-अडीचशे किलोची असते, उलटली तर अंगावर येते. आणि दादा, विम्याची पॉलिसी आज रात्री वाच. बऱ्याच प्रवास विम्यांत एटीव्ही साहसी खेळात धरतात, त्याचे वेगळे पैसे भरले नसतील तर दवाखान्याचा खर्च आपल्या अंगावर.

दादा: वाचतो. हे लक्षातच नव्हतं.

मोठे काका: डिसेंबरात पाऊस असतो म्हणतात ना तिकडे?

मी: हो काका, साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळाच. सरी बहुतेक दुपारनंतर येतात, हेही सकाळच्या एटीव्हीचंच कारण. उलुवातूला बसायची जागा उघडी आहे, पातळ रेनकोट प्रत्येकाने पिशवीत ठेवा. आणि आभाळ भरलेलं असलं तर सूर्यास्त दिसणार नाही, ही मनाची तयारी ठेवा.

काकू: सूर्यास्तच नसेल तर मग उरलं काय?

मी: काकू, केचक उरतो! वहिनी, तुझा प्रश्न राहिलाच होता. एकही वाद्य नसतं. बालीत एरवी बहुतेक नाचांना गामेलान, म्हणजे झांजा-घंटांचा ताफा असतो, इथे तोही नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वस्त्र नेसलेले पन्नास-साठ पुरुष मधल्या दिव्याभोवती गोल बसतात आणि तोंडाने "चक चक चक" म्हणतात. पण सगळे एका ठेक्यात नाही. एकाच्या दोन चकांच्या मधल्या जागेत दुसऱ्याचा चक बसतो, त्यामुळे आवाज पावसासारखा सलग होतो. तीच माणसं कधी वानरसेना होतात, कधी अंगावर येणारं रान. सोन्याच्या हरणापासून हनुमानापर्यंतची गोष्ट. अशोकवनातली त्रिजटासुद्धा येते. शेवटी हनुमानाभोवती नारळाची सोडणं पेटवतात आणि तो ती पायाने उधळून बाहेर पडतो. ठिणग्या पुढच्या रांगेपर्यंत येतात, म्हणून मधली रांग धरायची.

आई: किती जुना आहे गं हा प्रकार? देवळात पूर्वापार चालत आलाय का?

मी: नाही आई. त्यातला चकचा घोष जुना आहे, सांघ्यांग नावाच्या विधीतला, ज्यात अंगात येतं. पण रामायण घालून प्रेक्षकांसमोर करायचा हा नाच १९३० च्या दशकातला. वाल्टर श्पीस नावाचा जर्मन चित्रकार तेव्हा बालीत राहत होता, त्याने आणि वायान लिम्बाक या तिथल्या नर्तकाने तो बसवला. मला कळलं तेव्हा क्षणभर वाटलं, म्हणजे पर्यटकांसाठीच की. पण आपला सार्वजनिक गणपतीही १८९० च्या दशकातलाच ना? म्हणून तो कुणी खोटा म्हणत नाही. तिथे बसल्यावर अंगावर काटा आला तो खराच होता.

आई: मग मी येणार.

मोठे काका: एजंटशी बोललो. जोड तोडली तर गाडीचे थोडे जास्त लागतील म्हणतोय. मी म्हटलं घे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघांचं एटीव्ही, बाकीच्यांना खाचरांत फिरायला दुसरी गाडी. चौथ्या संध्याकाळी सगळे उलुवातूला. परदेशी पर्यटकांवरचा बालीचा कर, माणशी दीड लाख इंडोनेशियन रुपिया, तो पॅकेजात धरलेला नाही, आपण भरायचा.

मी: हो, तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालाय. ऑनलाइन आधीच भरू, मी सगळ्यांचा भरते. आणि एक राहिलं, उलुवातूची माकडं. चष्मा, गॉगल, फोन, टोपी झटकन पळवतात आणि खाऊ दिल्याशिवाय सोडत नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलाय, मोठी माकडं महागाची वस्तू ओळखून उचलतात. माझ्या पुढच्या बाईंचा गॉगल डोक्यावरून गेला, तिथल्या माणसाने फळ दाखवून परत आणला, काडी मोडलेली. कुणीही ओढाताण करू नका. बालीत २००८ पासून रेबीज आहे. चावलं, साधं ओरखडलं तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच रात्री डॉक्टर.

आत्या: बाई गं. मला तर चष्म्याशिवाय काही दिसत नाही, नाच कसा बघू?

मी: आत्या, फेरी मारताना मी तुझा हात धरते, चष्मा पर्समध्ये, पर्स पुढे पोटाशी. पायऱ्यांवर बसलो की घाल.

आत्या: चष्म्याला मागून बांधायची ती दोरी मिळते, ती आणून ठेवशील का माझ्यासाठी?