मदत हवी आहे: ६८ व्या वर्षी एकटीने पामीर हायवे, आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी. वय ६८, सकाळी बीपीची एक गोळी, उजवा गुडघा कुरकुरतो पण तो उतारावरच, बाकी ठणठणीत. जुलैअखेर ताजिकिस्तानात पामीर हायवे (पामीरच्या डोंगरांतून जाणारा उंचावरचा रस्ता) करायचा विचार आहे, विचार कसला ठरलंच आहे, ई-व्हिसा आलाय आणि त्याच्यासोबत गोर्नो-बदख्शान प्रांताचं परमिटपण काढलंय (ते वेगळं लागतं, नुसत्या व्हिसावर तिकडे सोडत नाहीत). ग्रुप टूर नको. एकदा करून झाली, निम्मा वेळ माणसं मोजण्यातच जायचा. आणि "या वयात कशाला" हे सांगायला घरात पुरेशी मंडळी आहेत, तेव्हा ते इथे नको प्लीज.

माझा प्लॅन असा: किर्गिझस्तानातल्या ओशहून निघायचं, सारी-ताशला एक रात्र, मग किझिल-आर्त खिंडीतून ताजिकिस्तानात, काराकुल तलाव, आक-बैताल खिंड (४६५५ मीटर!), मुरगाब, तिथून वाखान खोऱ्यात उतरून पंज नदीच्या काठाकाठाने इश्काशिम, खोरोग आणि शेवटी दुशान्बे. किर्गिझ-ताजिक सीमा २०२१ पासून बंद होती, मार्च २०२५ मध्ये दोघांचा करार झाला आणि उघडली, म्हणून तर इतकी वर्षं थांबले. नदीपलीकडे अफगाणिस्तान, तिथली माणसं शेतात काम करताना इकडून दिसतात म्हणे, मला त्याचंच जास्त आकर्षण आहे.

आता खरी अडचण. मला भीती रस्त्याची नाही, घरच्यांच्या भीतीची आहे. मागे किर्गिझस्तानात सोंग-कुल तलावाला गेले होते, दोन रात्री नेटवर्क नाही, मी यर्टमध्ये (तिथल्या गोल तंबूत) शेकोटीपाशी मजेत, आणि इकडे मुलाने सगळ्या नातेवाइकांना कामाला लावलं, कुणीतरी तर माझा फोटो "हरवली आहे" म्हणून पाठवायला घेतला होता. परत आल्यावर मलाच ओरडा! आणि पामीरमध्ये तर प्रकरण त्याहून वाईट, कारण नोव्हेंबर २०२१ मध्ये खोरोगला निदर्शनं झाली तेव्हा सरकारने प्रांताचं इंटरनेटच बंद केलं ते जवळपास चार महिने, आणि मे २०२२ मध्ये पुन्हा मोठी लष्करी कारवाई झाली. म्हणजे उद्या मी धडधाकट असेन, चहा पीत असेन, आणि तरी घरच्यांना आठवडाभर माझा पत्ता नसेल असं होऊ शकतं. मी गप्प आहे म्हणजे संकटात आहे असं नाही, हे त्यांना कसं पटवायचं? तुम्ही काय ठरवून जाता? दुसरं, इन्शुरन्सचं कुणी नीट वाचलंय का? मी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर झोप लागली.

प्रतिसाद १:
काकू, प्लॅन झकास आहे पण उलटा करा. ओश हजारेक मीटरवर, सारी-ताश ३१०० च्या वर आणि दुसऱ्या दिवशी थेट ४२८० ची खिंड, हे तिशीतल्या पोरांनाही आडवं करतं. दुशान्बेकडून गेलात तर खोरोग साधारण २१०० वर, तिथे दोन दिवस काढा, मग वाखानमधून हळूहळू चढत मुरगाबला. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको असा नियम आहे, आणि उंची चढायच्या गोळ्यांचं (अॅसिटाझोलामाइड) डॉक्टरांना आत्ताच विचारा, तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर जास्तच, सल्फाची अॅलर्जी असली तर तेही सांगा. डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि चालताना तोल जातोय असं झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, रात्रीच खाली उतरायचं. एकट्या माणसाला हे सांगणारं शेजारी कुणी नसतं म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद २:
ताई, मी बासष्टीत केलंय हे. आम्ही घरी एक कागद देतो, त्यावर प्रत्येक टप्प्यापुढे "इथे गप्प असणार" असे दिवस आधीच लिहिलेले असतात. त्यानंतर ४८ तास कुणी काही करायचं नाही. मग आधी होमस्टेला फोन, मग ड्रायव्हरला, त्यानंतरच दुशान्बेतल्या दूतावासाला, त्यांना जायच्या आधी ईमेल करून ठेवायचा. सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइल नेटवर्क नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) घ्यायचा मोह होईल पण थांबा, भारतात ही उपकरणं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावर लोकांना अडवून अटक झालेली आहे. आणि इन्शुरन्समध्ये तीन गोष्टी शोधा: किती उंचीपर्यंत कव्हर आहे, युद्ध-दंगल वगळलंय का, आणि सरकारने "जाऊ नका" म्हटलेल्या भागात क्लेम देतात का. बीपी लपवू नका, तेवढ्यावरूनच क्लेम नाकारतात.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. होमस्टेवाल्यांना २०२२ बद्दल प्रश्न विचारू नका. तुम्ही पंधरा दिवसांनी घरी जाल, उत्तर दिल्याचा त्रास त्यांना होतो. चेकपोस्ट, सैनिक, पूल यांचे फोटोही नकोत.

धागाकर्ती:
बाप रे, दिशा उलटी करायचं डोक्यातच आलं नव्हतं. तिकीट अजून काढलेलं नाही, वाचले. २०२२ चं मात्र मी नक्की विचारलं असतं, स्वभावच तसा, तेव्हा खूप बरं झालं सांगितलंत. कागद करून मुलाला दाखवला, ४८ तास त्याला मान्य नाहीत, तो २४ म्हणतोय, ३६ वर गाडी अडलीय. वाखानच्या आतल्या भागासाठी मी ७२ लिहिले होते ते बघून तर तो उठूनच गेला.

आता एवढंच सांगा: खोरोगहून पुढे शेअर जीप बरी की स्वतंत्र गाडी? स्वतंत्र महाग पडते, पण रात्री खाली उतरायची वेळ आली तर शेअरवाला माझ्यासाठी गाडी वळवेल का?