‘स्लावोफिल’ला ‘सनातनी’ म्हणावं का?

एका लेखाचा अनुवाद करतेय. रशियानं युरोपची वाट धरावी की स्वतःच्या परंपरेची, यावरून १८४०च्या सुमारास मॉस्कोच्या दिवाणखान्यांतून जे दोन तट पडले (एक युरोपकडे बघणारा, दुसरा परंपरेकडे बघणारा, तेच ‘स्लावोफिल’), त्यांना मी बिनधास्त ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ लिहून टाकलं. वाचायला झकास वाटतं, पण खटकतंय. काय लिहू?

— ‘सनातनी’ खोडाच. त्यांच्यातला किरेयेव्स्की बर्लिनला जाऊन जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची व्याख्यानं ऐकून आला होता. १८३२ मध्ये त्यानं मासिक काढलं त्याचं नाव ‘येव्रोपेयेत्स’, म्हणजे चक्क ‘युरोपीय’! दोन अंकांतच झारनं ते बंद पाडलं. पुढे हाच माणूस स्लावोफिलांचा म्होरक्या. भूदासांच्या मुक्तीचा १८६१चा कायदा घडवणाऱ्यांत सामारिन होता, तोही याच गोटातला. आणि सरकारला हे लोक नकोसेच. कोन्स्तांतिन अक्साकोव देशी पोशाख करून, दाढी राखून हिंडायचा. १८४९ मध्ये उमरावांनी दाढी ठेवू नये असं फर्मान निघालं नि बिचाऱ्याला ती उतरवावी लागली. (त्या पोशाखात लोकांना तो इराणी वाटायचा, ही विचारवंत चादायेवची कोटी.)

— मुळात ‘स्लावोफिल’ ही शिवीच. अॅडमिरल शिश्कोव परके शब्द हाकलून स्लाव शब्द आणा म्हणायचा, त्याच्या कंपूची टर उडवायला तो आधी वापरात आला. ‘गालोशी’, म्हणजे बुटांवर चढवायचे रबरी जोडे, त्यांना ‘मोक्रोस्तुपी’ म्हणा, हेही त्याच्याच नावावर खपवतात. मोक्रो म्हणजे ओलं, स्तुप म्हणजे पाऊल टाकणं. आपल्याकडचं ‘अग्निरथगमनागमन…’ आठवलं ना?

— दुसऱ्या तटाला ‘सुधारक’ नको, ‘पश्चिमवादी’ बरं. मूळ शब्द ‘झापादनिक’. ‘झापाद’ म्हणजे पश्चिम, आणि त्यात सूर्य खाली जाण्याचा, मावळण्याचाच अर्थ आहे. आपली ‘मावळत’ अगदी तशीच. ‘मावळतवाले’ लिहायचा मोह होतोय, पण आवरा.

— आणि ‘सामोबित्नोस्त’ला? मी ‘अस्मिता’ लिहिलंय.

— अस्मिता आता मोर्चातला शब्द झालाय. इथे ‘स्वयंभूपण’ घ्या. रशियन ‘बित्’ (असणं) आणि संस्कृत ‘भू’ हे एकाच मुळाचे. ‘सामो’ म्हणजे स्वतः. स्वतःच्या बळावर असलेलं ते सामोबित्नी.

— स्वयंभू म्हटलं की मला शेंदूर फासलेला दगड दिसतो! शिवाय जर्मन तत्त्वज्ञान पचवून मांडलेल्या विचाराला स्वयंभू म्हणायचं? वादाला तोंड फोडलं तेही चादायेवनं फ्रेंचमध्ये लिहिलेल्या पत्रानं. रशियानं जगाला काहीच दिलं नाही असं त्यात होतं. १८३६ मध्ये ते रशियन भाषेत ‘टेलिस्कोप’मध्ये आलं, मासिक बंद झालं, संपादक हद्दपार, आणि चादायेवला झारच्या हुकमावरून वेडा ठरवलं.

— मग ‘स्वत्व’. साधं आहे, चालेल.

— ठीक, ‘स्वत्व’. ‘स्लावोफिल’ तसंच ठेवते, खाली दोन ओळींची टीप. आता दस्तयेव्हस्कीच्या गटाचं ‘पोच्वा’ उरलं. शब्दकोशात जमीन, माती. त्यावरूनच नाव पडलेल्या त्या गटाला ‘भूमिपुत्र’ म्हणू?

— अजिबात नको. मराठी वाचकाला थेट नोकरभरती आठवेल. ‘मातीवाले’ लिहा, थोडं ओबडधोबड असू दे.