प्रति: टेनिसची सुरुवात

टेनिसचं मूळ फ्रान्समधल्या तळहाताने चेंडू मारायच्या खेळात आहे. पण नंतर रॅकेट आली तरी तो राहिला मुख्यतः भिंतींच्या आतच. हिरवळीवर आला त्याचं श्रेय मी तरी रबराला देईन. जुने चेंडू कापड, लोकर असलं काहीबाही ठासून भरलेले. गवतावर कसले उसळतायत! एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइझ्ड रबर (गंधक घालून तापवलेलं, चिवट आणि छान उसळणारं) आलं, गवत कापायचं यंत्र आलं, आणि १८७४ मध्ये ब्रिटिश लष्करातल्या मेजर विंगफिल्ड यांनी पेटंट घेऊन खेळाचा अख्खा संचच विकायला काढला. त्यांचं कोर्ट मात्र मधे निमुळतं, डमरूसारखं. १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनला ते आयताकृती झालं, ७८ बाय २७ फूट. एकेरीचं माप आजही तेच आहे.