दाद मागणं म्हणजे सूड नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंय की ख्रिस्ती माणसाने अन्याय झाला तरी अर्ज-तक्रारी करू नयेत, न्याय परमेश्वर करील. सूड आपल्या हाती घ्यायचा नाही हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात स्पष्टच आहे, तिथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण दाद मागणं वेगळं. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा साथी सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी त्यांना गुपचूप सोडून द्यायचं ठरलं, तर पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. आणि हाच पौल फिलिप्पैत सुटकेच्या आदल्या मध्यरात्री त्या तुरुंगात देवाची स्तुती गात होता!

पप्पा गेल्यावर आईची पेन्शन एका कार्यालयात १४ महिने अडली होती. दर सोमवारी पहाटे ती कागदांची प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवायची, तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि मग एसटी पकडायची. लूक १८ मधली, न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागणारी विधवा तिला तोंडपाठ होती. तिने कुणावर आवाज चढवला नाही, पण एकही सोमवार चुकवला नाही. एकदा तिथे 'चहापाण्याचं' विचारलं, तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं. त्या रात्री मात्र ती फार रडली.

पेन्शन सुरू झाली तेव्हा तिने आधी दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, पाकिटात घातला. ती पिशवी अजून तिच्या बायबलशेजारी आहे.