डिमेन्शिया: संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय'

कांजूरची सून
सासूबाई ७६ वर्षांच्या, अल्झायमर. दिवस बरा जातो, पण पाच वाजले की येरझाऱ्या सुरू, पर्स काखोटीला आणि 'मला घरी जायचंय'. हेच आपलं घर म्हणून समजावलं की आणखी चिडतात. परवा त्यांना सांभाळायला येणाऱ्या ब्युरोच्या मावशी बाथरूममध्ये गेल्या तेवढ्यात या लिफ्टने खाली, वॉचमनने अडवलं. स्टेशन दहा मिनिटांवर आहे. दाराला बाहेरून कुलूप घालावं का? झोपेची गोळी द्यावी का?

निवृत्त सिस्टर
समजावणं आधी बंद करा. त्यांच्या लेखी तुम्ही खोटं बोलताय आणि वर अडवताय. 'घर' म्हणजे पुष्कळदा लघवी लागलीय, भूक लागलीय किंवा भीती वाटतेय. म्हणून आधी बाथरूमला न्या, मग काहीतरी खायला द्या, मग विचारा, 'घरी कोण कोण असतं? आज स्वयंपाक काय?' बोलत्या झाल्या की पुढ्यात मेथीची जुडी ठेवा. निवडलेलीच भाजी परत निवडली तरी काय बिघडतं!

खरं काम मात्र पाचच्या आधीचं. दुपारची झोप जेवणानंतर लगेच आणि अर्ध्या तासाच्या आत. चारला सोसायटीत एक फेरी, चारनंतर चहा नाही. अंधारायच्या आधीच सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा, कारण अर्धवट उजेडात सावलीचा माणूस होतो आणि खिडकीच्या काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब परकं वाटतं. त्या वेळेला मालिकाही नकोत. त्यातली भांडणं घरातच चाललीत असं वाटू शकतं.

गोळीआधी_तपासणी
हे हळूहळू वाढलं की दोन-चार दिवसांत एकदम? एकदम असेल तर आजार वाढला असं धरून बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बरेच दिवस शौचाला न होणं, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, यातलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसांना लघवीच्या संसर्गात ताप येतोच असं नाही. नवी गोळी सुरू झालीय का तेही बघा. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि लघवी रोखणाऱ्या काही गोळ्या गोंधळ वाढवतात. डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी रात्री घेऊन वाईट स्वप्नं पडत असतील तर ती सकाळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.

झोपेची गोळी मनाने अजिबात नको. रात्री उठल्या की तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. भ्रमावरच्या गोळ्यांनी डिमेन्शियात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; त्या अगदी गरजेपुरत्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

चौथा मजला
आत माणूस एकटं असताना बाहेरून कुलूप कधीच नाही. आग लागली तर सुटका नाही. सेफ्टी डोअरला आतून जास्तीची कडी लावा, नेहमीच्या जागी नाही तर अगदी वर किंवा अगदी खाली; त्यांची नजर तिथे जात नाही. चपला, पर्स, छत्री दारापाशी ठेवू नका, त्या दिसल्या की निघायची आठवण होते. दार उघडताच वाजणारी चुंबकाची बेल बसवा.

वॉचमन, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांकडे फोटो आणि तुमचा नंबर हवा. ब्लाउजला आतून कापडी पट्टी शिवा: नाव, 'विस्मरणाचा आजार', दोन मोबाइल नंबर. जीपीएसचं घड्याळ चालतं, पण रोज चार्ज करावं लागतं आणि बऱ्याचजणी ते काढून ठेवतात. पट्टी निघत नाही.

कांजूरची सून
वाढलंय हळूहळूच, तरी लघवी तपासून घेते. आणि खरंच निघून गेल्या तर?

चौथा मजला
पंधरा मिनिटं जिना, गच्ची, पार्किंग, शेजारची इमारत बघा. तोवर दुसऱ्याने ११२ हा आपत्कालीन नंबर लावायचा. स्टेशनकडे गेल्याची शंका असेल तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवरही सांगा, लोकलमध्ये बसल्या तर शोध फार पसरतो. पोलीस चौकीत '२४ तास थांबा' म्हणाले तर ऐकू नका, तसा नियम नाही. रोज सकाळी साडी नेसवून झाली की मोबाइलवर एक पूर्ण उंचीचा फोटो काढायचा, तोच पोलिसांना द्यायचा. जुनं घर, माहेर, रोजचं देऊळ, जुन्या नोकरीचा रस्ता यांची यादी आजच लिहून ठेवा. पाय बहुधा तिकडेच वळतात.

निवृत्त सिस्टर
आणि सापडल्यावर 'कुठे गेला होतात?' असं विचारू नका. आधी पाणी द्या आणि तळपाय बघा, अनवाणी चाललेल्या असू शकतात. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. तुमचंच डोकं पिकलं तर मानसिक आरोग्याची १४४१६ ही हेल्पलाइन.