पगारातले २०० रुपये आणि वाढीचं गणित

सदाशिवपेठी: पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला, हे काल कळलं. रकमेचं दुःख नाही. पण जिथे पैसा तयार होतो तिथून उपसून जिथे होत नाही तिथे ओतला, तर वाढ होते की खुंटते? चीनमध्ये १९७८ नंतर विषमता वाढली आणि कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले. शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून माझ्या ताटातली पोळी कमी होत नाही.

मोंढ्यावरचा वाणी: मराठवाड्यात आमचं तिसऱ्या पिढीचं किराणा दुकान. आजोबांची वही अजून आहे. बहात्तरच्या दुष्काळात पानंच्या पानं उधारीची. खडी फोडायची कामं निघाली, मजुरी वाटली, की दुसऱ्या दिवशी जमा. मजुराचे १०० रुपये संध्याकाळपर्यंत माझ्या गल्ल्यात, तिथून ठोकवाल्याकडे, तिथून तेलाच्या मिलला. कोट्यधीशाचे कुठे जातात? आमच्या बायपासलगत एका पुणेकराने दहा एकर घेऊन कुंपण घातलंय. वाढ म्हणाल तर बाभळींची.

हिशेबनीस: वाणीबुवा, ती मिल टाकायला भांडवल कुणीतरी साठवलेलंच लागतं ना? हातातोंडाची गाठ पडत नाही तो काय साठवणार! अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्सने १९५५ च्या निबंधातच मांडलंय: माणसं शेतीतून उद्योगात जाताना विषमता आधी वाढते, मग उतरते. धीर धरा की.

उलटतपासणी: त्याच निबंधात कुझनेट्सने कबूल केलंय की यात माहिती ५ टक्के आणि तर्क ९५ टक्के. ते बरं विसरलात! तैवान, दक्षिण कोरियाने १९५०च्या आसपास जमीनदारांच्या जमिनी कुळांना दिल्या, मग ते धावले. चीननेही जमीन आधी घराघरांत कसायला वाटली होती. भारतात मात्र अर्थशास्त्रज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाचं २२.६ टक्के उत्पन्न. अजून किती धीर?

सदाशिवपेठी: त्या आकड्यावर वाद आहेत, करविवरणं आणि खर्चाच्या पाहण्या जोडून काढलेला अंदाज आहे तो. कोरियाचं मान्य. पण ते एकदाच केलेलं वाटप, माझ्या स्लिपसारखं दरमहा नव्हे. वाणीबुवा, खरं सांगा, खडी फोडून उभं काय राहिलं?

मोंढ्यावरचा वाणी: रस्ता, आणि एक पाझर तलाव. खालच्या अंगाच्या विहिरींना त्यामुळे मार्चपर्यंत पाणी असतं. आता खरंच विचारताय म्हणून सांगतो, त्या विहिरी पाटलांच्या. तलाव खणणाऱ्यांना जमीनच नव्हती, त्यांची पोरं आज तुमच्या पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहेत. आणि वहीत सगळ्यात जुनी थकबाकी कुणाची, तर पाटलांचीच.